गोळी थांबते कुठे

खाटेवर जुन्या धोतराचं फडकं अंथरून काकाजींनी त्यावर तीन काडतुसं मांडली. पहिलं बारा बोअरचं: अंगठ्याहून जाड, लाल प्लॅस्टिकचं, बुडाला पितळेची टोपी. दुसरं तीनशे पंधराचं: करंगळीपेक्षा लांब, सगळं पितळी, खांद्याशी निमुळतं झालेलं. टोकाला तांब्याच्या आवरणातून राखाडी शिसं डोकावत होतं. तिसरं नुसतंच रिकामं पितळ होतं, हाताळून हाताळून काळपट पडलेलं. पण नुसतं पितळ मोजलं तर दुसऱ्याच्या पितळापेक्षा चांगलं उंच.

"हे माह्या बापानं आणलं मेळघाटातून," काकाजी म्हणाले. "तंबूवर कामाले होते थे. साहेबानं गवा पाडला अन् हे खाली पडलं. पोरगा हाय म्हून खेळाले आणलं मले."

पितळेच्या बुडावर तीनशे पंचाहत्तरचा आकडा अजून वाचता येत होता.

'एकच निवडायचं झालं तर' हा यंदाच्या अंकाचा विषय. संपादकांनी तो कळवला तेव्हा मला शिकाऱ्यांचा एक जुना वाद आठवला. जगभरातले शिकारी शंभर-दीडशे वर्षं तो घालत आले आहेत: हरणापासून गव्यापर्यंत सगळ्या मोठ्या जनावरांना पुरेल अशी एकच रायफल आणि एकच काडतूस निवडायचं, तर कोणतं? भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार बंद झाली, तेव्हा आपल्याकडे हा वाद आठवणींपुरता उरला असेल, असं मला वाटत होतं. वऱ्हाडात आल्यावर कळलं की इथे तो प्रश्न रोज रात्री वावरात उभा असतो. फक्त विचारणारा शिकारी नाही, शेतकरी आहे.

पौषातली जागल

रिद्धपूर मोर्शी तालुक्यात. भोवती काळी सपाट जमीन, संत्र्याचे बगिचे, मधे हरभरा, गहू, तूर, पऱ्हाटी. आकाश स्वच्छ असलेल्या सकाळी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. महानुभावांचं हे मोठं तीर्थ. गोविंदप्रभूंचं गाव, राजमठाचं गाव, आणि आता मराठी भाषा विद्यापीठाचंही.

मी पौषात गेलो होतो. मृग बहाराची संत्री झाडावर होती आणि हरभऱ्याला घाटे धरत होते. ज्यांच्या शेतावर उतरलो त्यांचा पाच एकर हरभरा आणि सहाशे संत्र्याची झाडं. दिवसभर ते मला बांधाबांधाने फिरवत होते आणि जमीन वाचून दाखवत होते. ठिबकची नळी दातांनी चावून फोडलेली, तिच्याभोवती लोळून लोळून केलेला चिखल: ते डुक्कर. हरभऱ्याचे शेंडे खुडल्यासारखे सपाट, पण झाड जागेवर: तो रोही, म्हणजे नीलगाय. धुऱ्याच्या कडेला लेंड्यांचा मोठा ढीग, वरचा थर ताजा, खालचा वाळलेला. रोही पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन शेण टाकतो, त्यामुळे त्याची वाट शोधायला फार कष्ट पडत नाहीत.

"डुक्कर खाते कमी, उखडते जास्त," ते म्हणाले. "अन् रोही येते तं एकटा नाही येत. दहा-पंधरा असतात. एका रातीत तासच्या तास साफ."

रात्र झाली की गावातली निम्मी कर्ती माणसं वावरात असतात. कुणी मचाणावर, कुणी खोपडीत. टॉर्च, फटाके, थाळी, गोफण, आणि गेल्या काही वर्षांत सौर बॅटरीवर चालणारं झटका मशीन. झटका मशीनच्या तारेतला प्रवाह ठोक्याठोक्याने येतो, जनावराला दचकवतो, मारत नाही. पण ज्याला मशीन परवडत नाही, किंवा ज्याच्या मशीनला डुकरं सरावली आहेत, असा एखादा थेट खांबावरून तारेत वीज सोडतो. त्या तारेने डुक्कर मरतं, शेजारचा बैल मरतो आणि पहाटे पाणी द्यायला आलेला माणूसही मरतो. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत या बातम्या दर हंगामात येतात. पिठाच्या गोळ्यात लपवलेला गावठी बॉम्ब हा आणखी एक क्रूर उपाय. डुकराचा जबडा फुटतो आणि ते दिवसेंदिवस उपाशी तडफडून मरतं.

बंदुकीविषयी बोलायचं तर हे सगळं समोर ठेवूनच बोललं पाहिजे. मारणं नको असं म्हणणाऱ्यांच्या मनात एक शांत रान असतं. प्रत्यक्षात मारणं चालूच आहे, फार वाईट रीतीने.

कायद्यातली ठासणीची बंदूक

1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 13 वाचताना मी थबकलो. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी परवाना मागणाऱ्या नागरिकाला कायदा जी बंदूक देऊ करतो ती ठासणीची आहे. म्हणजे तोंडाकडून दारू भरायची, गजाने ठासायची, वर छर्रे किंवा गोळी, मग पुन्हा ठासायचं. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. पीक राखण्यासाठी म्हणून रायफल त्या तरतुदीत नाहीच.

कायदा करणाऱ्यांचं कारण समजतं. रायफल दूर मारते, अचूक मारते, आणि तिचा गैरवापर झाला तर परिणाम भयंकर. ठासणीच्या बंदुकीतून एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत मिनिट जातं. म्हणजे हा कायदा माणसांचा विचार करून लिहिला आहे. ज्या जनावरावर ती रोखली जाणार त्याचा विचार त्यात कुठेच नाही.

जर्मनीच्या शिकार कायद्याशी तुलना केली की हे ठळक दिसतं. तिथे खूर असलेल्या जनावरावर छर्रे झाडायला बंदी आहे. रानडुक्कर आणि मोठ्या हरणांसाठी गोळीचा व्यास निदान साडेसहा मिलिमीटर हवा आणि शंभर मीटरवर तिच्यात निदान 2000 ज्यूल ऊर्जा उरलेली हवी. त्याहून दुबळं हत्यार वापरणं हा गुन्हा, कारण दुबळ्या हत्याराने जनावर जखमी होऊन निसटतं. बंदूक हातात येण्याआधी कठीण परीक्षा असते ती वेगळीच. तिथला कायदा किमान ताकद ठरवून देतो, आपला कमाल ठरवतो. दोन्हींच्या मधे वऱ्हाडातला जखमी रोही नाल्यात जाऊन पडतो.

छर्रा, गोळी आणि रोह्याची कातडी

काकाजींकडे वडिलोपार्जित तीनशे पंधराची रायफल आहे, बारा बोअरची दुनळीही होती. वय आता ऐंशीच्या पुढे. तरुणपणी, कायदा येण्याआधी, ते मेळघाटच्या पायथ्याशी वडिलांबरोबर हिंडले. शिकार बंद झाल्यावर पुन्हा कधी जनावरावर बार काढला नाही, असं ते सांगतात, आणि ज्या रीतीने सांगतात त्यावरून मी ते खरं मानतो.

त्यांनी आधी बारा बोअरचं काडतूस उचललं. बारा बोअर म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या गोळ्या ओतल्या तर एका पौंडात बारा बसतील अशी नळी. आतून ती गुळगुळीत. पाखरासाठी बारीक छर्रे, डुकरासाठी एलजी किंवा एसजीचे मोजके मोठे छर्रे. हे छर्रे नळीतून निघाले की फाकत जातात. वीस पावलांवर अजून एकत्र घोळका, चाळीस पावलांवर एखादा छर्रा खांद्यात, एखादा पोटात, बाकीचे हवेत. शिवाय गोल छर्रा लवकर थकतो.

आता समोरचं जनावर पाहा. पूर्ण वाढलेला नर रोही खांद्याशी चार-साडेचार फूट उंच आणि दोनशे किलोच्या पुढे. त्याच्या मानेची कातडी इतकी जाड की तिच्या ढाली करत असत. रानडुकराच्या नराला खांद्यावर निसर्गानेच कवच दिलंय, दुसऱ्या नराच्या सुळ्यांपासून राखायला. अशा जनावराला चाळीस पावलांवरून एलजी मारला तर ते पडत नाही, पळतं.

"मंग काय होते, मी सांगतो," काकाजी म्हणाले. "तिसऱ्या दिशी गिधाडं दिसत होती आगुदर. आता गिधाडंही नाही राह्यली. वास येते तवा कळते."

आमच्या शेतमालकांनीही असाच एक रोही पाहिलाय, परवानगी घेऊन झाडलेल्या बारानंतरचा. पोटात लागलं होतं. दोन दिवसांनी नाल्याच्या पाण्यात बसलेला सापडला, जिवंत. बोलता बोलता ते थांबले आणि हरभऱ्याचा एक घाटा तोडून बोटांत फिरवत राहिले. पीक ज्याचं गेलं त्याच माणसाला ते पाहवलं नाही.

रायफलीचं तंत्र वेगळं. तिच्या नळीत आटे पाडलेले असतात. गोळी त्यांत रुतून भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते आणि फिरत असल्यामुळे सरळ जाते. शिकारीच्या काडतुसात टोकाला शिसं उघडं ठेवतात, त्याला सॉफ्ट नोज म्हणतात. अंगात शिरल्यावर हे टोक कुरडईसारखं फुलतं, जखम रुंद होते आणि बरीचशी ताकद जनावराच्या आतच खर्ची पडते. लष्करी गोळीला टोकापर्यंत कठीण आवरण असतं, ती आरपार निघून जाते. फुलणाऱ्या गोळ्या एकेकाळी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात लष्करासाठीही केल्या जात. 1899 च्या हेग परिषदेत युद्धात त्या न वापरण्याचं ठरलं. माणसावर जी गोळी क्रूर ठरली तीच जनावराच्या बाबतीत दयेची ठरते, कारण तिथे लवकर मरण येणं हाच सगळा प्रश्न असतो.

एकाच रायफलीचा शोध

इंग्रजी अमदानीत सातपुड्याची रानं हिंडलेला कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा या वादातला आपल्या भागाचा पहिला मोठा माणूस. निमाडचा अधिकारी. 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' हे त्याचं पुस्तक 1871 चं. त्याआधी त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांच्यावरच एक पुस्तक लिहिलं होतं. काळ्या दारूचे दिवस होते ते, गोळीला फार वेग देता येत नसे. म्हणून त्याचा भर मोठ्या व्यासाच्या जड गोल गोळीवर आणि सौम्य आट्यांवर होता.

मग धूर न होणारी दारू आली. वेग वाढला, गोळ्या बारीक आणि लांब झाल्या. 1907 साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेटला रिग्बीची .275 रायफल भेट मिळाली. पुढे तिने पुष्कळ नाव कमावलं. .275 म्हणजे जेमतेम सात मिलिमीटर. पण चंपावतची ती वाघीण शेवटी ज्या हत्याराने पडली ते तहसीलदाराकडून मागून घेतलेली जुनाट बंदूक होती, कारण कॉर्बेटने बरोबर आणलेली तीनच काडतुसं संपली होती. हत्यारापेक्षा हत्यार धरणाऱ्याचं मन किती मोजावं लागतं हे कळायला ही एक गोष्ट पुरे.

1912 साली हॉलंड अँड हॉलंडने .375 मॅग्नम बाजारात आणलं, काकाजींच्या हातातलं रिकामं पितळ त्याचंच. साडेनऊ मिलिमीटर व्यासाची, एकोणीस ग्रॅमच्या आसपासची गोळी. हरिणही मारता येतं आणि हत्तीही, अशी त्याची ख्याती. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत मोठ्या धोकादायक जनावरांसाठी तेच किमान मानतात. 'जगात एकच रायफल' या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळा मिळालेलं उत्तर हेच असावं. दुसरं उत्तर अमेरिकेचं: .30-06, म्हणजे 1906 साली तिथल्या सैन्याने स्वीकारलेलं. धक्का सोसण्याजोगा, गोळी साधारण पावणेबारा ग्रॅमची, आणि अस्वलापर्यंत बहुतेक जनावरांना पुरून उरणारी.

भारतीयांचं उत्तर मात्र सरकारनेच ठरवून टाकलं. लष्कर ज्या मापाची काडतुसं वापरतं ती नागरिकांना निषिद्ध. .303 म्हणूनच कधी शेतकऱ्याच्या घरी आली नाही. तिच्याऐवजी ऑस्ट्रियाच्या जुन्या आठ मिलिमीटर मॅनलिकर काडतुसाचा अवतार .315 या नावाने इथे रुजला. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तिची रायफल झाली, ली-एनफील्डच्याच धाटणीची. आणि काडतूस कुठे होतं? पुण्याला, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. काकाजींनी मला बुड दाखवलं. पितळेवर 'केएफ' ही अक्षरं कोरलेली होती.

मी ती रायफल हातात घेतली. रिकामी आहे याची त्यांनी बोल्ट मागे ओढून, आत करंगळी घालून खात्री केली, मग मलाही तेच करायला लावलं. अक्रोडाचा दस्ता तेलाने काळा झालेला. वजन अंगणातल्या पाण्याने भरलेल्या कळशीपेक्षा कमी, पण सगळं वजन पुढे ओढणारं. माशी नळीच्या टोकाला, मागे खाच. रात्री या दोन्ही दिसत नाहीत.

"बंदूक अंगाले बसली पाह्यजे," ते म्हणाले. "सदऱ्यासारखी. दस्ता लांब असला तं डोया माशीवर येतच नाही. अन् धक्क्याचं भेव बसलं का माणूस चाप ओढाच्या आंधी डोये मिटते. मंग तोफ द्या त्याले, काय उपेग?"

.375 बद्दलचा माझा निकाल त्या वाक्यावर झाला. तिचा धक्का .30-06 च्या जवळपास दुप्पट. सराव नसलेला माणूस तिला घाबरेल आणि घाबरलेला माणूस पोटात मारेल. सराव करणार कुठे? परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील याची मर्यादा लिहिलेली असते. शेतकरी ती काडतुसं कणगीतल्या बियाण्यासारखी जपतो. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षण आणलं ही चांगली गोष्ट. पण बंदूक सुरक्षित धरता येणं निराळं आणि साठ पावलांवर अंधारात, हलत्या जनावराच्या पुढच्या पायामागची तळहाताएवढी जागा साधणं निराळं. हृदय तिथे असतं, आपल्याला वाटतं त्याहून खाली.

म्हणून संपादकांच्या प्रश्नाला माझं उत्तर .315 आहे. डुक्कर आणि रोही, वऱ्हाडातली ही दोन जनावरं आणि अंतर शंभर पावलांच्या आत. जवळपास सोळा ग्रॅमची जड, संथ, फुलणारी गोळी या अंतरावर पुरते. काडतूस आपल्याच राज्यात होतं. .30-06 अधिक सपाट आणि दूर मारते, पण या मुलखात दूर मारता येणं हा गुण धरता येत नाही.

धुऱ्यापलीकडे कोण आहे

रायफलीची गोळी नेम चुकला किंवा आरपार गेली तर किलोमीटर-दोन किलोमीटर सहज पुढे जाते, त्याहूनही जास्त. डोंगराळ मुलखात शिकारी अशी जागा निवडतो की जनावरामागे चढ किंवा दरड असावी, गोळी मातीत जिरावी. रिद्धपूरच्या शिवारात चढ नाही. सपाट काळी जमीन, दर दोनशे पावलांवर एक खोपडी, प्रत्येक खोपडीत जागलीला बसलेला एक माणूस. संत्र्याची झाडं गोळी अडवत नाहीत, फक्त माणूस लपवतात.

यावर उपाय एकच, उंची. मचाण दहा-बारा फुटांवर असलं की गोळी उतरती जाते आणि जनावराच्या पलीकडे थोड्याच अंतरावर जमिनीत घुसते. जुने शिकारी मचाणावर बसत ते वाघाच्या भीतीने, असं आपण समजतो. काकाजी म्हणाले, हाक्याच्या शिकारीत समोरून हाकारे येत असत, त्यांच्या जिवासाठीही वरून खालीच मारायचं असे.

परवानगीचा कागद यातलं काय सांगतो? वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली, उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने जनावर मारायची परवानगी देऊ शकतो. 2015 मध्ये महाराष्ट्राने रानडुक्कर आणि रोह्यासाठी ही वाट सोपी केली. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता, खायचं नाही, विकायचं नाही. पण परवानगी हातात असली तरी बंदूक कुणाकडे? गावात परवाने बोटांवर मोजण्याइतके. निवडणूक आली की शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात, आणि निवडणुकीचे दिवस अनेकदा पिकाचेच दिवस असतात.

इतर राज्यांनी वेगळे प्रयोग केले. बिहारने 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेच्या वर रोही मारले. त्यावरून त्या वेळच्या मंत्री मेनका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात उघड वाद झाला. केरळने 2022 मध्ये रानडुकरांबाबतचा अधिकार पंचायतींच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला आणि परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांच्याकडून काम करवून घेतलं. आपल्या यवतमाळमधला अनुभव जड आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये राळेगाव तालुक्यात अवनी वाघीण गोळीने मारली गेली ती रात्री, गाडीतून, पशुवैद्यक जागेवर नसताना. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने कार्यपद्धती पाळली गेली नाही असंच म्हटलं. तेरा माणसांचे जीव घेतल्याचा ठपका असलेली वाघीण होती आणि तरीही तिच्या मरणाने राज्य दुभंगलं. कारण लोक 'मारली का' एवढंच विचारत नव्हते, 'कशी मारली' हेही विचारत होते.

माझं म्हणणं असं आहे. घरोघरी ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या बंदुका वाढवण्याने रोही कमी मरतील आणि जखमी जास्त होतील. त्याऐवजी दहा-पंधरा गावांमागे एक .315, ती वनखात्याच्या ताब्यात, आणि ती चालवणारी दोन-तीन माणसं गावातलीच, पगारी, दर महिन्याला सराव करणारी. बार फक्त मचाणावरून, फक्त मागे माती असेल तिथे, आणि जखमी जनावर शोधल्याशिवाय त्यांनी घरी जायचं नाही. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. हे सगळं झटका कुंपणानंतर, आधी नाही.

मांडीखालचा ससा

ही मांडणी घेऊन मी राजमठाकडे गेलो. तिथल्या एका वृद्ध महानुभाव साधूंना ती ऐकवली. महानुभाव पंथात अहिंसा हा आचाराचा पाया. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, .315 आणि .375 मधला फरकसुद्धा. मग ससा सांगितला.

लीळाचरित्रातली ही लीळा पुष्कळांना माहीत असते. पारधी मागे लागलेला ससा पळत पळत येतो आणि बसलेल्या चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी येऊन आपला ससा मागतात. स्वामी त्यांना शिव्याशाप देत नाहीत, दरडावत नाहीत. शरण आलेला आहे, तो देता येत नाही, एवढाच त्यांचा भाव. पारधी परत जातात आणि ससा सुटतो. म्हाइंभटांनी ही लीळा इतर लीळांबरोबर इथेच, रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवली. ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्या गावात झाला, त्या गावाच्या शिवारात आज रोही मारायचा की नाही हा प्रश्न आहे.

"पारध्यांनाही पोट होतं," साधू म्हणाले. "स्वामींना ते ठाऊक नव्हतं असं नाही. तुम्ही म्हणता ते शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. पण चांगली गोळी कोणती, हे मला विचारू नका. मला एवढंच कळतं की मांडीखाली आलेला जीव कुणाचा, हे आधी ठरवावं लागतं."

मी म्हणालो, महाराज, शेतकऱ्याची मांडी म्हणजे त्याचं वावर, आणि रोही तिथे शरण नव्हे, खायला येतो. त्यांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, मला सांगता येणार नाही. नंतर त्यांनी मला गूळ-पाणी दिलं आणि जाताना रात्री मफलर बांधायला सांगितलं.

त्यांचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही. माझी मांडणीही मी मागे घेतलेली नाही.

मचाणावर

शेवटच्या रात्री काकाजी स्वतः मचाणावर आले. नातवाने त्यांना शिडीवर मागून धरलं होतं. रायफल घरी कपाटात होती. हातात फक्त काठी. घोंगड्या पांघरून आम्ही चौघं बसलो. खाली हरभऱ्यावर दव पडत होतं आणि त्याच्या आंबीचा वास वरपर्यंत येत होता.

दीडच्या सुमारास शेतमालकांनी माझ्या गुडघ्याला हात लावला. उत्तरेच्या धुऱ्यावरून काहीतरी उतरत होतं. आवाज नाहीच. चांदण्यात आधी माद्या दिसल्या, फिकट. मग थोड्या अंतराने एकटा नर, काळा-निळा, खांदे उंच, घोड्यासारखी मान. सत्तर पावलं असतील. तो आडवा उभा राहिला, पुढचा पाय थोडा पुढे टाकून, शिकारीच्या पुस्तकात दाखवतात अगदी तसा.

काकाजींनी काठी उचलून खांद्याला लावली. ऐंशी वर्षांचे हात, पण काठी हलत नव्हती. गाल दस्त्याला टेकवावा तसा त्यांनी काठीला टेकवला. बराच वेळ तसेच राहिले. मग काठी न हलवताच कुजबुजले, "पाहा भाऊ. आता त्याच्या मांगं पाहा."

मी रोह्यावरून नजर काढून पलीकडे नेली. आधी नुसता काळोख. मग संत्र्याच्या दोन ओळींमधे, रोह्याच्या खांद्याच्या बरोबर वर, एक लाल ठिपका पेटला आणि मंद झाला. पलीकडच्या खोपडीत कुणीतरी विडी ओढत बसलं होतं.

काकाजींनी काठी खाली ठेवली. शेतमालकांनी टॉर्च लावला, थाळी वाजवली, आणि पलीकडून त्या विडीवाल्यानेही हाळी दिली. कळप धुऱ्यावरून उड्या टाकत शेजारच्या गव्हात उतरला.